पाण्याचं वजन

"हे वाच बरं," मंदा म्हणाली आणि तिने बाटली माझ्या नाकापुढे धरली. "मले जे दिसून राह्यलं तेच तुले दिसते काय, तेवढंच सांग."

मी द्रावणाचा रंग मोजायचा कलरीमीटर सुरू करून बसले होते. ते यंत्र तापायला वीस मिनिटं घ्यायचं, आणि त्या वीस मिनिटांत मी घरून आलेलं पत्र तिसऱ्यांदा वाचत होते. भिलाईच्या मुलाकडची माणसं मे महिन्यात मला बघायला येणार होती. पत्राची घडी ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि बाटली हातात घेतली. तपकिरी काचेची, नुकतीच फोडलेली बाटली. जुनी संपत आली म्हणून बावणेभाऊंनी, आमच्या लॅबच्या अटेंडंटनी, सकाळीच स्टोअरमधून काढून दिली होती.

"त्याच कंपनीची, तीच पावडर," मी म्हणाले. "काय झालं?"

"नावाच्या खाली वाच."

खाली बारीक अक्षरांत सूत्र होतं आणि सूत्राच्या शेवटी पाण्याचे सहा रेणू. म्हणजे पावडर दिसायला कोरडी, पण तिच्या कणाकणात पाणी बांधलेलं.

"आता भिंतीवर पाह्य."

भिंतीवर मुळावकर सरांच्या वळणदार अक्षरातला तक्ता होता, काचेच्या फ्रेममध्ये लावलेला. कुठलं द्रावण करायला काय किती तोलायचं, ते सगळं त्यात. आमच्या जीवरसायनशास्त्र विभागात कोणी पुस्तक उघडून वजन काढत नसे. तक्त्यात बघायचं आणि तोलायचं, ही रीत. या पावडरीचं तिथलं वजन पाणी नसलेल्या पावडरीचं होतं. जुन्या बाटलीचं लेबल ॲसिडचे ओघळ लागून कधीच खाल्लं गेलं होतं, त्यामुळे ताडून पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"शंभर भाग तोलले तं त्यातले एकोणतीस भाग नुसतं पाणी," मंदा म्हणाली. "माझा बाप जिनात मापारी हाय, तुले माईतच हाय. लोक कापसावर पाणी मारून आणत. बाबा काट्यावर चढवायच्या पयले गाठोड्यात कोपरापर्यंत हात घाले. आपण ओला कापूस तोलून राह्यलो, सुलभा. सारं डिपार्टमेंट आठ वर्षांपासून ओला कापूस तोलून राह्यलं."

मला हसू आलं. मग आम्ही काय बोलतोय ते लक्षात आलं आणि मी दाराकडे पाहिलं.

आम्ही दोघी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मुळावकर सरांच्या हाताखाली प्रबंध करत होतो. मोड आलेल्या तुरीतून सरांनी एक एन्झाइम वेगळं काढलं होतं, आमचं काम त्याच्यावरच. एन्झाइमला आपल्या खाद्याची, म्हणजे त्या पावडरीची, किती ओढ आहे हे सांगणारा एक आकडा असतो. आकडा लहान तेवढी ओढ मोठी. सरांचा आकडा होता शून्य पूर्णांक पंच्याऐंशी. तो परदेशी जर्नलमध्ये छापून आला होता. विभागातल्या कोणाचं काही परदेशात छापून येण्याची ती पहिली आणि तोवरची शेवटची वेळ. दर वर्षीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाचं उत्तर पंच्याऐंशीच्या आसपास येई, कारण प्रत्येक जण त्याच तक्त्यावरून तोलत असे. ज्याचं येत नसे तो सीनियरचं जर्नल बघून आणत असे.

सरांना नवा प्रकल्प मंजूर झाला होता आणि त्यात संशोधक विद्यार्थ्याची एकच जागा होती. आमच्या बॅचमधून तिच्यासाठी दोनच नावं होती, माझं आणि मंदाचं. जागा मिळाली तर मी पीएच.डी. करणार होते. नाही मिळाली तर भिलाई. वडिलांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं, आणि ते शब्द फिरवणारे नव्हते.

मंदा गावंडे पहिल्या वर्षी विभागात आली तेव्हा तिला कोणी मोजत नव्हतं. अंजनगावकडच्या खेड्यातली, दोन वेण्या, इंग्रजी वाचताना बोट ओळीखालून सरकायचं. पहिल्याच आठवड्यात साखर ओळखायची चाचणी होती. नळीत साखरेचं पाणी आणि एका रसायनाचे दोन थेंब, वरून ॲसिड हळूच सोडायचं, की दोन्हींच्या मध्ये जांभळं कडं उमटतं. आम्ही बाकीच्यांनी कडं बघितलं, वहीत लिहिलं आणि नळ्या धुवायला टाकल्या. मंदा तास संपेपर्यंत नळी धरून उभी होती. "ह्ये मधातच काऊन दिसते? खाली काऊन नाई?" असं तिने सरांना विचारलं आणि वर्ग हसला. मीही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्याकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून समजावलं. हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ते फार चांगले शिक्षक होते.

त्यानंतर आमची जोडी जमली. मी तिला पुस्तकं मराठीतून सांगायची, ती ओळींवर पेन्सिलीने शब्द लिहायची. माझ्या हाताला कंप होता, त्या काळी पिपेट, द्रव मोजायची काचेची नळी, तोंडाने ओढावी लागे, आणि माझ्याकडून थेंब नेहमी रेघेच्या खाली जाई. तो सगळा भार तिने उचलला. दुसऱ्या वर्षी एन्झाइमचा अवघड पेपर आला तोवर गणितं ती मला समजावू लागली होती. माझं इंग्रजी आणि तिचे हात, असं आमचं दोघींचं मिळून एक माणूस व्हायचं. होस्टेलात मुली आम्हाला जोडीनेच हाक मारायच्या.

"एकदा पाणी धरून तोलून पाहू," मी म्हणाले. "कदाचित फरक पडणारच नाही."

फरक पडणार होता हे मला माहीत होतं. बी.एस्सी.च्या कुठल्याही मुलीला कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं. तरी आम्ही प्रयोग केला, कारण मंदाचा कागदावर विश्वास नव्हता. तिने तोललं, तिने पिपेट ओढली, मी कलरीमीटरपाशी बसून आकडे तिच्याच वहीत लिहून घेतले. आलेख काढला. उत्तर आलं शून्य पूर्णांक साठ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ.

तिसऱ्या दिवशी मंदा म्हणाली, "आता तू तोल. माझ्या हाताची खोड असन तं समजून जाईन."

मी तोललं. हात कापत होता म्हणून काट्याचं काचेचं दार बंद करून दोनदा तोललं. तिने डोळे मिटून घेतले होते, आपली नजर वजनावर पडू नये म्हणून. असला प्रामाणिकपणा त्या वयातच सुचतो. उत्तर आलं एकोणसाठ. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि मंदा जशी हसली तशी हसताना मी तिला त्याआधी आणि नंतर कधी पाहिलं नाही. इतकी खूश होती ती. सरांचं चुकलं म्हणून नव्हे. तिला वाटत होतं सरही खूश होतील.

"मी सांगतो सराइले," ती म्हणाली.

"थांब गं. प्रबंध होऊ दे, तोंडी परीक्षा होऊ दे. मग सांग."

"प्रबंधात मंग काय लिहू? पंच्याऐंशी? मले तं साठ आलं न."

"दोन्ही लिही. नाहीतर पंच्याऐंशीच लिही आणि नंतर सांग. कोण विचारतंय?"

"तू तं अशी बोलून राह्यली जसं आपण चोरी केली," ती म्हणाली आणि बाटली घेऊन सरांच्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने परत आली ती बाटलीशिवाय.

"काय म्हणाले?"

"पाहतो म्हणे. बाटली ठेवून जा म्हणे." तिने स्टूल ओढलं. "मंग म्हणे, गावंडे, लेबलं चुकतात. कंपनीवाले कायबी छापतात. प्रबंधात जुनाच आकडा लिहा. मी म्हणलं, सर, तीन डाव करून पाह्यलं, सुलभानं तोललं तरीबी तेच आलं. त्याइनं मान हालवली."

माझं नाव तिथे घेतलं गेलं हे ऐकून मला तिचा राग आला. मी स्वतः कधी सांगितलं नसतं ते तिने परस्पर सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. बावणेभाऊ दोन चहा ठेवून गेले. सर विद्यार्थ्याला चहा पाजत नसत. टेबलावर फायलींच्या शेजारी ती तपकिरी बाटली होती.

"घरी सगळं ठीक?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"वडील लग्नाचं बघतायत असं ऐकलं."

मी मान हलवली. हे त्यांना कोणी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"तुमच्यासारख्या मुलीने संशोधन सोडणं बरोबर नाही," सर म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण मला माणूस असा हवा, जो गटात राहून काम करेल. गावंडे हुशार आहे. हात तर फारच चांगला. मात्र तिला कुठे थांबायचं ते कळत नाही. जूनमध्ये माझी मुलाखत आहे, प्रोफेसरची. समितीपुढे कोणी उठून म्हणालं की या माणसाला साधं द्रावण करता येत नाही, तर मुंबईपासूनची सोळा वर्षं पाण्यात."

त्यांनी धमकी दिली नाही. आवाज चढवला नाही. उलट त्यांचा चेहरा इतका ओढलेला होता की मला त्यांची दया आली. मला स्वतःची दया यायला हवी होती.

"मुंबईत मी पीएच.डी. केली तेव्हा कोरडी पावडर मिळायची," ते म्हणाले. "इथे आल्यावर जी मिळाली ती मागवली. तक्ता तोच राहिला." बस, एवढं. कबुली म्हणायची तर तीच. मग त्यांनी बाटली उचलली, मागच्या कपाटात ठेवली आणि माझ्यासमोर किल्ली फिरवली.

"तुम्ही तोललं होतं का तिसऱ्या वेळी?" त्यांनी पाठमोरं असतानाच विचारलं.

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. एवढं तरी लिहिताना खरं लिहावं.

"मी आकडे लिहून घेत होते सर," मी म्हणाले. "वजनाकडे लक्ष नव्हतं."

"तेच म्हटलं मी," सर म्हणाले.

माझ्या प्रबंधात मी पंच्याऐंशी लिहिलं. मंदाने आपल्यात साठ लिहिलं आणि पुढे दोन पानं जोडली: पाणी कसं मोजायचं राहिलं, वजन कसं दुरुस्त केलं, तीन दिवसांची तीन उत्तरं. सरांचं नाव कुठेही वाईट पद्धतीने घेतलं नव्हतं. 'मार्गदर्शकांनी केलेल्या मूळ कामामुळेच हे शक्य झालं' असंही लिहिलं होतं. ते इंग्रजी वाक्य मीच तिला बनवून दिलं होतं. सरांनी प्रबंधावर सही केली. सही नाकारली असती तर कारण द्यावं लागलं असतं.

एप्रिलच्या अखेरीला तोंडी परीक्षा झाली, सेमिनार हॉलमध्ये, सगळ्या विभागासमोर. बाहेरच्या परीक्षक म्हणून पुण्याच्या साठये बाई आल्या होत्या. पांढरी सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात. आडनावांच्या क्रमाने मंदाचा नंबर माझ्याआधी होता. तिने साडी नेसली होती आणि ती नेसायला मी सकाळी तिला मदत केली होती.

मंदा चांगलं बोलली. इंग्रजी अडखळत, पण अडखळली तरी थांबली नाही. साठच्या आकड्यापाशी आल्यावर बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुमच्या मार्गदर्शकांचा छापील आकडा वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. वापरलेल्या पावडरीत पाणी होतं. ते वजनात धरलं नव्हतं."

"बाटली बघू."

सरांनी बावणेभाऊंकडे पाहिलं. बावणेभाऊ गेले आणि जुनी बाटली घेऊन आले, तळाला चिमूटभर पावडर असलेली, लेबल खाल्लेली. बाईंनी ती उजेडात फिरवून पाहिली. "यावर काहीच वाचता येत नाही."

"ही नाही मॅडम," मंदा म्हणाली. "दुसरी होती, नवी. सरांकडे दिली होती."

"पाहिली मी ती," सर शांतपणे म्हणाले. "मला त्यात खात्रीशीर काही दिसलं नाही. स्टोअरला परत पाठवली असेल, बघावं लागेल."

हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. बाईंनी मंदाची वही मागवली आणि पानं उलटली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "इथे दोन हस्ताक्षरं आहेत. आकडे कोणाच्या हातचे?"

"सुलभा पिंपळखुटेच्या," मंदा म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. "ती तिन्ही वेळा होती, मॅडम. तिसऱ्या वेळी तर तिनेच तोललं. तिला विचारा."

मी उठून उभी राहिले. साठये बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सरांनी खिडकीकडे. मंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंकडेच बघत होती, उत्तर तिला माहीत होतं म्हणून.

"हे अक्षर तुमचं?"

"हो मॅडम. आकडे मी लिहून घेतले."

"आणि वजन?"

"वजन तिने केलं," मी म्हणाले. "मी पाहिलं नाही."

"तिसऱ्या वेळीही?"

"तिसऱ्या वेळीही."

आता मंदाने मान वळवली. रागाने नव्हे. मला ऐकू नीट आलं नाही की काय, असा तिचा चेहरा झाला होता. मी खाली बसले. माझ्या शेजारच्या मुलीने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, मला काही त्रास होतोय असं समजून.

साठये बाई वाईट नव्हत्या. त्या मंदाला बराच वेळ समजावत राहिल्या. छापून आलेला आकडा चूक आहे म्हणायचं तर पुरावा हवा, बाटली हवी, दुसऱ्या माणसाने स्वतंत्र केलेलं वजन हवं. तुमच्याकडे यातलं काय आहे? मंदा एकदा म्हणाली, "मॅडम, आत्ता इथे करून दाखवते." हॉलमध्ये दोघातिघांना हसू आलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. अजून सहा विद्यार्थी व्हायचे होते, आणि त्यांची गाडी संध्याकाळची होती.

दुपारी माझा नंबर लागला. मी पंच्याऐंशी म्हणाले आणि कोणी काही विचारलं नाही.

निकाल लागला. प्रबंधाला मंदाला जेमतेम पास होण्यापुरते मार्क होते आणि त्याने तिचा फर्स्ट क्लास गेला. जागेसाठी फर्स्ट क्लास लागत होता. म्हणजे निवडायचंही कोणाला काही उरलं नाही, सगळं नियमानेच झालं.

ती होस्टेल सोडत होती त्या सकाळी मी खोलीत गेले. ती पत्र्याच्या पेटीत पुस्तकं रचत होती. मी दारातच उभी राहिले.

"तिसऱ्या वेळी तूच तोललं होतं न?" तिने वर न बघता विचारलं.

"हो."

"बस. मले वाटलं मलेच भास झाला का काय." तिने पेटीचं झाकण लावून पाहिलं, ते बसेना, मग दोन पुस्तकं काढून पुन्हा आडवी लावली. "पंधरा दिवस झाले, मी तेच इचारून राह्यलो स्वतःले. डोळे मिटले होते न मी. मंग म्हणलं, खरंच तोललं काय तिनं, का मीच तोललं."

"मंदा, मला घरी परत जायचं नव्हतं. तुला माहीत आहे. भिलाईवाले मे महिन्यात येणार होते."

"मलेबी कोनी तरी पाहाले येतच असन न व," ती म्हणाली.

दोन वर्षांत तिला कोणी बघायला येतंय का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी पेटीची एक कडी धरली. तिने ती माझ्या हातातून सोडवून घेतली, दुसरी स्वतःच धरली, आणि एवढी जड पेटी मांडीवर टेकवत टेकवत जिना उतरून गेली.

सर जूनमध्ये प्रोफेसर झाले. मी जुलैत रुजू झाले. भिलाईची माणसं मेमध्ये आली होती, पोहे खाऊन गेली होती आणि नंतर वडिलांनी त्यांना मुलगी पुढे शिकतेय म्हणून कळवलं. माझ्या मनासारखं सगळं झालं होतं. मी बऱ्यापैकी आनंदात होते हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रात्रंदिवस झुरत होते. माणूस इतका चांगला नसतो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं, कपाट उघडलं आणि ती बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे काम आता नीट करून टाकू," ते म्हणाले. "पाणी धरून. सगळे डाव नव्याने, पाच-पाच वेळा. आपणच दुरुस्ती छापलेली बरी. बाहेरच्या कोणी काढली तर शोभत नाही."

मी बाटलीकडे बघत राहिले. "मंदाचं नाव घालायचं का सर?"

"कशासाठी?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग आठवलं. "अच्छा. तिने लेबल वाचलं हो. लेबल वाचणं म्हणजे संशोधन नव्हे."

मी प्रयोग केले. हाताचा कंप तोवर कमी झाला होता, आणि पिपेटला रबरी फुगा आला होता. उत्तर आलं शून्य पूर्णांक साठ. लेखाचा मसुदा करताना शेवटी आभारांमध्ये मी मंदाचं नाव घातलं. सरांनी ते लाल शाईने खोडलं आणि ग्रंथपालांचं घातलं. स्वच्छ प्रत टाइप करताना ते नाव परत घालणं माझ्याच हातात होतं. मी घातलं नाही. लेख छापून आला, पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. माझ्या आयुष्यातला तो पहिला लेख. पुढे माझी नोकरी, बढती, विभागप्रमुखपद, सगळ्या अर्जांत यादीच्या तळाशी तो असायचा.

तेव्हा इंटरनेट वगैरे काही नव्हतं. कोणाला लेख हवा असला की तो लेखकाला कार्ड पाठवी आणि लेखक छापील प्रत टपालाने पाठवी. आमच्या लेखाला पोलंडहून कार्ड आलं, ब्राझीलहून आलं, जपानहून दोन आली. छापील, रंगीत तिकिटांची. सरांना कोण आनंद झाला. ती सगळी त्यांनी नोटिसबोर्डावर टाचणीने लावून घेतली, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावीत म्हणून.

लेख छापून आल्याच्या पुढच्या वर्षी जानेवारीत एक साधं पोस्टकार्ड आलं. परदेशी कार्डांवर असतो तोच इंग्रजी मजकूर हाताने लिहिलेला, एकही चूक नसलेला. आपल्या खालील लेखाची एक प्रत पाठवावी, आभारी आहे. लेखाचं नाव, जर्नलचं नाव, पान क्रमांक. खाली एम. गावंडे आणि तालुक्याच्या एका ज्युनियर कॉलेजचा पत्ता. मला तिने डॉक्टर लावलं होतं. मी अजून डॉक्टर झाले नव्हते. मी कार्ड उलटं केलं, कडेला पाहिलं, तिकिटाच्या जवळ पाहिलं. आणखी एक शब्द नव्हता.

सरांनी ते माझ्या हातातून घेऊन वाचलं. "अरे वा, आपल्याकडूनसुद्धा मागणी. हेही लावा बोर्डावर," ते म्हणाले आणि वर्गावर गेले. नावाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मी ते बोर्डावर लावलं. ब्राझीलच्या शेजारी जागा होती.

मग प्रत पाठवायला बसले. कागद घेऊन 'प्रिय मंदा' लिहिलं. अर्धा तास बसले. पुढे जे जे लिहायचं होतं ते लिहिलं असतं तर ते लेखातही लिहावं लागलं असतं. शेवटी कागद फाडला. प्रतींवर मारायला सरांनी एक रबरी शिक्का करून घेतला होता, 'लेखकाच्या शुभेच्छांसह'. तो मारला, खाली सही केली, पाकीट चिकटवलं आणि बावणेभाऊंना टपालात टाकायला दिलं.

बावणेभाऊंनी पत्ता वाचला. त्यांना वाचायला वेळ लागायचा, ओठ हलायचे.

"हे आपल्या गावंडे बाईले चाल्लं काय?"

"हो भाऊ."

"काय हाय यात?"

"त्या तुरीच्या कामाचा लेख. दुरुस्त आकड्याचा."

त्यांनी पाकीट तळहातावर ठेवून जरा तोलल्यासारखं केलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते मुळात टोमणे मारणारे नव्हतेच. "मंग त्याइले कायले पाठवता, बाई?" ते म्हणाले. "त्याइले तं सारं ठावच असन." आणि पाकीट बगलेत मारून, सायकलची किल्ली शोधत, ते पोस्टात गेले.